वखारीचा भुसा आणण्यापूर्वी



तालुक्याला जाताना रस्त्याच्या कडेला लाकडाची वखार लागते आणि वखारीच्या मागे भुशाचा डोंगर असतो. पावसाळ्याआधी तिथून गाडीभर भुसा आणून गोठ्यात पसरावा, उकिरड्यात टाकावा, अशी बऱ्याच गावांची रीत आहे. रीत चांगली आहे. पण गाडी भरण्यापूर्वी मालकाला एवढे विचारा : हा भुसा कशाचा, आणि त्या लाकडाला औषध पाजले होते काय?

ओंडका चिरला की जाड हिशेबाने निम्म्याहून थोडा अधिक माल हाती येतो. बाकी साल, कडेचे काप, रंध्याच्या ढलप्या आणि भुसा. या बाकीचे काय करतो, यावरून मालकाची पारख करावी. जाणता मालक जाड गोल करवतीऐवजी पातळ पट्ट्याची करवत वापरतो, कारण पाते जाड तितका भुसा जास्त. तुकडे तो लाकूड वाळवण्याच्या भट्टीत जाळतो आणि भुसा कांडीकोळसावाल्याला किंवा शेतकऱ्याला देतो. बेफिकीर मालक तोच भुसा ओढ्याच्या काठी लोटतो. मग पहिल्या पावसात पाणी तांबूस होते, भुसा कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतो आणि मासे पोट वर करून तरंगतात.

आता औषधाची गोष्ट, आणि ती नीट ऐका. आंबा, बाभूळ, निंब, साग यांचा नुसता चिरलेला भुसा निर्धोक समजावा. सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, एवढेच. पण रबराच्या झाडाच्या लाकडाला भुंगा लागू नये म्हणून बोरॉनची औषधे पाजतात. बोरॉन पिकाला चिमूटभर लागते, जास्त झाले की पानांच्या कडा करपतात. प्लायवूड आणि दाबीव पाट्यांच्या भुशात फॉर्मालिनच्या जातीचा डिंक असतो. तो चुलीत घालाल तर डोळे झोंबतील आणि विषारी धूर घरभर होईल.

सर्वांत वाईट ते तांबे, क्रोम आणि सोमल यांचे मिश्रण पाजलेले लाकूड. वाळवी लागू नये म्हणून खांबांना, उघड्यावरच्या लाकडाला ते पाजत आले आहेत. नव्या लाकडावर हिरवट झाक दिसते, जुन्यावर तीही राहत नाही. अमेरिकेत घराभोवतीच्या कामासाठी असे लाकूड पुरवणे कारखान्यांनी २००३ अखेर थांबवले. हे लाकूड जाळले तर बराचसा सोमल राखेत उरतो. आपल्याकडे राखेचे काय काय होते ते तुम्हीच आठवा. भांडी घासायला राख, वांग्यावर मावा पडला की राख, कडधान्य साठवताना राख. शिवाय राख खारट लागते म्हणून जनावरे ती चाटतात आणि अशी राख चाटून गुरे दगावल्याची उदाहरणे परदेशांत नोंदलेली आहेत. म्हणून घरातील भगिनींनी औषधी लाकडाचे तुकडे सरपणात मुळीच घेऊ नयेत, फुकट मिळाले तरी नाही. जिथे साध्या आणि औषधी लाकडाचे ढीग वेगळे ठेवत नाहीत, तिथून भुसा आणूच नका.

चांगला भुसा मिळाला तर तो थेट शेतात फेकू नये. भुशात नत्राच्या एका भागाला दोनशे ते पाचशे भाग कर्ब असतो. कुजवायला पंचवीस-तीस पुरे. ओला भुसा मातीत गाडला की जिवाणू त्याला पचवण्यासाठी मातीतले नत्र उचलतात, पीक पिवळे पडते आणि आपण म्हणतो बियाणे खराब निघाले! आधी तो गोठ्यात अंथरावा. मूत्र शोषून घेतो, त्यातले नत्र फुकट मिळते. मात्र दुभत्या जनावराखाली कोरडाच भुसा हवा आणि रोज बदलायला हवा. ओल्या भुशात कासदाहाचे जंतू पोसतात.

तिथून तो खड्ड्यात जाऊ द्या. गोठ्यातून न आलेला कोरडा भुसा असेल तर शंभर किलोला एक किलो नत्र, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास युरिया, शेणकाल्यात मिसळून थरांवर शिंपडावा. सोयाबीनच्या भुसकटासारखा हा लवकर कुजत नाही, वर्ष धरून चाला. खड्डा ओलसर ठेवा, पण भिजवून चिखल करू नका. फळझाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालायचा तर खोडापासून हातभर दूर ठेवा, नाहीतर वाळवीला घरबसल्या आमंत्रण मिळेल. उरलेला भुसा डब्यात बाटलीभोवती ठासून, बाटली काढून, जुन्या पद्धतीची शेगडी करता येते. आंघोळीचे पाणी तापते, पण ती अंगणातच पेटवावी. कोंदलेल्या खोलीत तिचा धूर जिवावर बेतू शकतो.

आणखी एक सांगायचे आहे. गावातली पोरे याच वखारींत कामाला जातात. इंग्लंडात हाय वायकोंब भागातील लाकूडकामगारांना नाकाचा कर्करोग अधिक होतो, हे तिथल्या डॉक्टरांच्या १९६० नंतरच्या दशकात लक्षात आले. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या वस्तूंत घातली. हा रोग कित्येक वर्षांनी डोके वर काढतो, म्हणून कोणाला धाक वाटत नाही. तोंडाला पंचा बांधून बारीक धूळ अडत नाही. करवतीपाशीच धूळ ओढून घेणारा पंखा आणि पिशवी लागते. मुलगा कामाला लागणार असेल तर वखारीत स्वतः एक चक्कर मारा, करवत चालू असताना, आणि तो पंखा आहे का व चालू असतो का ते पाहून या.