शिक्षेचा आकडा आणि गावपळण

पोलिसावर हात उचलणारा स्वस्तात सुटतो, ही ओरड खरी आहे. पण 'शिक्षा वाढवा' हे त्यावरचं उत्तर नव्हे. वाढवून पाहिली की! कामावरच्या सरकारी नोकरावर हल्ला केला तर कलम ३५३ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं होती. महाराष्ट्राने २०१८ मध्ये ती पाच केली. जुलै २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली आणि कलम १३२ खाली पुन्हा दोन.

खरी सवलत कोर्टाच्या आधीच मिळते. मार्च २०१३ मध्ये, सी-लिंकवर आमदाराची गाडी अडवणारे पोलीस अधिकारी सचिन सूर्यवंशी यांना विधानभवनातच मारहाण झाली. पाच आमदार वर्षअखेरपर्यंत निलंबित. पुढे शिक्षेचा आकडा वाढवला तोही याच सभागृहाने!

आमच्या आचऱ्याची गावपळण बघा. तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर. धर्म कुठलाही असो, माणूस कितीही मोठा असो. तिला कलम नाही, तुरुंग नाही. सूट मात्र कोणालाच नाही, म्हणून ती पाळली जाते.

तेव्हा आकडा वाढवण्याआधी सूट बंद करा. साहेबांचा फोन आला तरी गुन्हा नोंदवा, आणि खटला वर्षानुवर्षं कुजवू नका.