हार्पवाली रोझ

मुलखाच्या जांभया देणारं, बोट रोखून खिदळणारं स्वतःचंच चित्र काढणारा फ्रेंच चित्रकार जोसेफ द्युक्रो आज मोबाइलवरच्या थट्टेत भेटतो. त्याची मुलगी रोझ-आदेलाइद मात्र फारशी कुणाच्या गावी नाही. हा अन्यायच.

पॅरिसच्या राजेशाही कला अकादमीत स्त्रियांना जागा चारच. तोवर अकादमीच्या सदस्यांपुरतंच असलेलं सालों हे प्रदर्शन 1791 साली सर्व चित्रकारांना खुलं झालं आणि रोझनं तिथं आपलं माणसाएवढं आत्मचित्र मांडलं. लखलखता रेशमी झगा, हार्पच्या तारांवर बोटं. हार्प ती खरोखरच वाजवायची. उगाच शोभेला घेतलेली नव्हती. झग्याची एकेक चुणी पाहावी! हे चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

1802 साली, सँ-दोमँगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, ती वारली. वय जेमतेम चाळिशीचं.