पुनर्वसन समुपदेशक घडवावाच लागेल

दिव्यांग तरुणांच्या रोजगाराचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. खर्च करायचाच तर मुलांच्या प्रशिक्षणावर करा. शिवण, मोबाइल दुरुस्ती, टॅली, काहीही शिकवा. हातात कसब आलं की काम मिळेलच. मुलगा आणि मालक यांच्या मधल्या पुनर्वसन समुपदेशकाला शिकवत बसायचं कशाला? निधी तुटपुंजा असताना हे म्हणणं शहाणपणाचं वाटतं आणि ते मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असा हा प्रकार आहे.

बारा बोल्ट मोजून पिशवीत भरायचं साधं काम घ्या. बौद्धिक अक्षमता असलेला मुलगा सातव्या-आठव्या बोल्टपाशी गोंधळतो. कधी अकरा पडतात, कधी तेरा. मालक दोन दिवस बघतो आणि ‘याला जमत नाही’ म्हणून घरी पाठवतो. या मुलाला आणखी सहा महिने अंक गिरवायला लावून काय मिळणार? त्याच्यापुढे बारा खाचांची एक फळी ठेवा. प्रत्येक खाचेत एक बोल्ट. सगळ्या खाचा भरल्या की पिशवीत ओतायचे. मोजण्याची गरजच संपली. ही फळी सुचते ती कामाच्या जागी उभं राहून त्या कामाचे बारीक तुकडे पाडायला शिकलेल्या माणसाला. मुलात कमी काय आहे हे शोधण्याऐवजी कामातला नेमका कोणता तुकडा नडतोय, हे तो शोधतो. ही नजर उपजत नसते, ती तयार करावी लागते.

तीच गोष्ट बँकेत राखीव जागेवर लागलेल्या अंध तरुणाची. परीक्षा तो स्वतःच्या बळावर पास झालेला असतो. पुढे शाखेत त्याला खुर्ची मिळते, काम मिळत नाही. कारण सॉफ्टवेअर महाग असेल, असं साहेबांनी गृहीत धरलेलं असतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि तो दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली सुरू केला, हे सांगायला तिथे कुणीतरी हवं. परिपत्रकं स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात न पाठवता मजकूर म्हणून पाठवा, म्हणजे स्क्रीन रीडर ती वाचू शकेल, हेही सांगायला हवं. हे काम त्या नव्या, बिचकलेल्या कर्मचाऱ्यावर एकट्यावर सोडणं अन्यायाचं आहे.

दुसरा आक्षेप चांगल्या माणसांकडून येतो, म्हणून तो अधिक गंभीरपणे घेतला पाहिजे. विशेष शिक्षक आहेत, संस्थांचे कार्यकर्ते आहेत, त्यांची तळमळ आहे. पदवी-पदविकेचं अवडंबर कशाला? या मंडळींनी केलेलं काम फार मोठं आहे. पण विशेष बी.एड. वर्गासाठी घडवतं, कारखान्यासाठी नाही. शिक्षक मुलाला आतून-बाहेरून ओळखतो. पाळी, टार्गेट, सुपरवायझर यांचं जग तो ओळखतोच असं नाही. आणि नुसती तळमळ मालकापुढे गेली की हात जोडते: ‘घ्या हो, बिचाऱ्याचं भलं होईल.’ दयेवर मिळालेली नोकरी मंदीच्या पहिल्या झटक्यात जाते.

तयारीचा समुपदेशक वेगळं बोलतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयीसुविधांची तरतूद आहे, हे त्याला ठाऊक असतं. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी द्यायची असते, हेही तो सांगतो. तो कामाचा नमुना घेऊन येतो, पहिले काही आठवडे मुलाच्या शेजारी उभा राहतो आणि मग हळूहळू बाजूला होतो.

त्याला घरातही जावं लागतं. ‘नोकरी लागली तर निराधारचा पगार बंद होईल का?’ हा आईचा पहिला प्रश्न असतो आणि तो अगदी रास्त आहे. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान उत्पन्नाच्या मर्यादेला बांधलेलं आहे. नोकरी कच्ची निघाली तर हातचंही जाईल, ही भीती खरी आहे. तिला ‘सकारात्मक राहा’ म्हणणारा समुपदेशक निरुपयोगी. नियम समजावून, कागदावर हिशेब मांडून दाखवणारा हवा.

आता तिसरा आक्षेप: धडधाकट पदवीधर रिकामे फिरताहेत, तिथे यांना नोकऱ्या कुठून आणणार? टंचाई खरी आहे. पण २०११ च्या जनगणनेत देशातल्या २.६८ कोटी दिव्यांगांपैकी जेमतेम ३६ टक्के काम करणारे होते आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास होतं. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यात स्वमग्न, बौद्धिक अक्षम आणि मानसिक आजार असलेल्यांनाही वाटा आहे, तरी राखीव जागांच्या अनुशेषाची तक्रार संपत नाही. टंचाईचं कारण पुढे करून असलेल्या जागाही भरायच्या नाहीत, हे मला मान्य नाही.

मी मागतो आहे ते नवंही नाही. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने व्यावसायिक समुपदेशक, रोजगार अधिकारी आणि पुनर्वसन समुपदेशक यांना पुनर्वसन व्यावसायिकांच्या यादीत बसवलं. मुंबईत व्यावसायिक पुनर्वसन केंद्र त्याआधी, १९६८ मध्येच उभं राहिलं होतं. अमेरिकेने १९५४ च्या कायद्याने असे समुपदेशक घडवण्यासाठी अनुदानं दिली, त्यातून तिथे विद्यापीठांत हा व्यवसाय रुजला. पुढे २०१४ च्या कायद्याने राज्यांना मिळणाऱ्या व्यावसायिक पुनर्वसनाच्या केंद्रीय निधीतला किमान १५ टक्के भाग शाळेत असलेल्या मुलांच्या नोकरीपूर्व तयारीसाठी राखून ठेवायला लावला. शाळेत असतानाच, हा शब्दप्रयोग मला मोलाचा वाटतो. आपल्याकडे अठराव्या वर्षी विशेष शाळा सुटते आणि मग पालक विचारतात, पुढे काय? हा प्रश्न चौदाव्या वर्षी विचारणारा माणूस शाळेत असला पाहिजे.

या प्रशिक्षणात सगळ्यात आधी टक्केवारीची सवय मोडली पाहिजे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ६५ टक्के लिहिलं म्हणजे मुलगा किती कामाचा हे कळत नाही. महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं की केवळ टक्केवारीवरून कुणाला अपात्र ठरवता येणार नाही. उमेदवार तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे दिव्यांगत्व मूल्यांकन मंडळाने तपासलं पाहिजे. समुपदेशकानेही फाइल बाजूला ठेवून हेच विचारायचं: हा कोणतं काम, कोणत्या सोयीने करू शकेल?

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाने समुपदेशक घडवण्याचं हे काम अंगावर घ्यावं. प्रशिक्षणाचा निम्मा काळ एमआयडीसीत, बँकेत, हॉटेलच्या भटारखान्यात, रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर जावा. निम्म्या जागांवर स्वतः दिव्यांग असलेले उमेदवार घ्यावेत, कारण नकार पचवून नोकरी टिकवण्याचा अनुभव त्यांच्याइतका कुणाकडे नाही. आणि समुपदेशकाचं काम मोजायचं ते रोजगार मेळाव्यात वाटलेल्या नियुक्तिपत्रांवरून नव्हे, तर वर्षभरानंतर किती जण त्या कामावर आहेत यावरून.