नागपूरला आणखी एक सुंदर नकाशा नको

‘उपग्रहातून दिसली हरवलेली संस्कृती’ छापाच्या रील्स बघितल्या की माझं डोकं उठतं. गोल फिरणारा थ्रीडी डोंगर, उंची पाचपट ताणलेली, वरून सोनेरी ऊन आणि मागे ढोल. पोटापाण्यासाठी मी नकाशांचंच सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे ऊन कोणत्या बटणाने पडतं ते मला माहीत आहे.

आता आपल्या गावचं गणित करू. काटोल रोडवर, शहरापासून साधारण १० किलोमीटरवर जुनापाणी आहे. तिथे लोहयुगातली सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. काळ्या दगडांचं कडं आणि आत मुरूम-गिट्टीची भर, खाली दफन. मोठं वर्तुळ धरा १५ मीटर व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ झालं साधारण १७७ चौरस मीटर. फुकट मिळणाऱ्या उंचीच्या डेटाचा, म्हणजे २००० सालच्या शटल मोहिमेचा किंवा आपल्या कार्टोसॅटचा, एक पिक्सेल ३० मीटरचा. म्हणजे ९०० चौरस मीटर. अख्खं वर्तुळ पिक्सेलच्या पाचव्या हिश्श्यात बसतं, आणि त्याची उंची या डेटाच्या चुकीपेक्षाही कमी. त्यावर कोणतंही फिल्टर लावा, दिसणार काय? नाग नदीचं खोरं दिसेल, सेमिनरी हिल दिसेल. वर्तुळ नाही.

सॉफ्टवेअरची कमतरता नाहीच. क्यूजीआयएस फुकट आहे. स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी पुरातत्त्वासाठीच बनवलेलं आरव्हीटीही फुकट आहे. साध्या हिलशेडमध्ये ऊन एकाच दिशेने पडतं, त्यामुळे उन्हाच्या रेषेत असलेला बांध गायब होतो. आरव्हीटी प्रत्येक बिंदूवरून किती आकाश दिसतं ते मोजतं. खड्डा काळवंडतो, उंचवटा उजळतो, दिशेचा प्रश्नच मिटतो. भारी आहे. पण आत घालायला मीटरभर किंवा त्याहून बारीक डेटा हवा, आणि आपण तिथेच अडतो.

आणि अडतोय कोण? नागपूर! ज्या लॅम्बटनने अख्खा देश त्रिकोणांनी मोजायला घेतला तो १८२३ मध्ये इथून जवळ हिंगणघाटला गेला. झिरो माइलसमोर आपण सेल्फी काढतो. महाराष्ट्राचं सुदूर संवेदन केंद्र इथे, मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय मुख्यालय इथे, इस्रोचं प्रादेशिक केंद्रही इथेच.

मुंबई-नागपूर बुलेट ट्रेनसाठी २०२१ मध्ये विमानातून लायडार सर्वेक्षण सुरू झालं. लेझरचे काही झोत पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, म्हणून झुडपं वगळून नुसती जमीन काढता येते. पट्टा अरुंद असतो आणि जुनापाणी त्यात नसेलही. पण टाकळघाट-खापा, हिंगण्याजवळचं रायपूर ही शिळावर्तुळांची ठिकाणं शहराच्या दक्षिण-नैऋत्य अंगालाच आहेत. सार्वजनिक पैशाने रस्त्यासाठी, रेल्वेसाठी जमीन मोजली, तर नुसत्या जमिनीचं मॉडेल सगळ्यांना डाउनलोड करता आलं पाहिजे. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने पुरासाठी मोजलेला लायडार २०१५ मध्ये खुला केला आणि हौशी लोकांनी घरी बसून रोमन रस्ते शोधले.

सुरक्षेचं कारण मला पटत नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीयांसाठी पूर्वपरवानगीचं लचांड बरंचसं काढून टाकलं आहे. उरला कायदा. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर बांधकामबंदी, पुढे २०० मीटर नियंत्रण. चांगलंय. पण हद्दीबाहेरच्या, कुणी न नोंदवलेल्या वर्तुळाला हे मीटर लागू होत नाहीत. ते आधी सापडावं लागतं.

‘नकाशा उघडा केला तर चोर येतील’ असंही ऐकवतात. जुनापाणीवर रिव्हेट-कार्नॅकने १८७९ मध्येच छापून लिहिलंय, चोराला पत्ता हवा असता तर एवढा वेळ पुरला असता. वर्तुळ संपतं ते जेसीबीने, एका दुपारी, मुरुमासाठी किंवा प्लॉटसाठी. लेआऊट टाकणारा आपल्या जमिनीचा काँटूर सर्व्हे पैसे मोजून करून घेतोच. तो परवडत नाही ते इतिहास शिकणाऱ्या पोरांना.