उपग्रहाचा इशारा कामाच्या जागेवर पोहोचला पाहिजे

२३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईचे आकाश धुरकटले आणि उभ्या गाड्यांवर पांढरट धुळीचा थर बसला. ही धूळ मुंबईची नव्हती. पाकिस्तानच्या बाजूला उठलेले वादळ अरबी समुद्र ओलांडून आले होते. समुद्रावरून सरकणारा हा पट्टा उपग्रहाच्या चित्रांत दिसत होता. परांचीवरच्या बिगाऱ्याला आणि रस्ता झाडणाऱ्या भगिनीला मात्र तो घशात धूळ गेल्यावरच कळला. आमचा प्रश्न या अंतराविषयी आहे.

विज्ञानाने आपले काम केले आहे. इन्सॅट-३डी (२०१३), ३डीआर (२०१६) आणि ३डीएस (२०२४) या मालिकेतील उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून देशाची चित्रे घेण्यासाठी सोडले गेले. नैसर्गिक रंगांतील उपग्रह-चित्रांत दिवसा धूर निळसर-करडा, तर धूळ पिवळट-तपकिरी दिसते. रात्री अवरक्त किरणांच्या साह्याने धूळ ढगांपासून वेगळी ओळखता येते. वणव्याची उष्णताही टिपली जाते. अर्थात उपग्रह वरून पाहतो. धूर उंचावर आहे की माणसाच्या नाकाशी, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी जमिनीवरची मापनयंत्रे हवीत आणि ती कामाच्या जागेजवळ हवीत.

परंतु केवळ माहिती मिळाल्याने जीव वाचत नाही. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या सूचना राज्यांच्या वनखात्यांना देत आहे. तरीही १३ जून २०२४ रोजी अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले चार जण होरपळून मेले. त्यांत रोजंदारीवरचा मजूरही होता. आग कोठे आहे हे सांगणारे यंत्र अवकाशात आहे. तिच्याशी झुंजणाऱ्याला पुरेशी साधने, प्रशिक्षण आणि विमा आहे काय, हे जमिनीवरच पाहावे लागेल.

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने वणव्यांच्या अनुभवानंतर २०१९ मध्ये नियम केला. सूक्ष्म कणांसाठीचा तेथील हवा निर्देशांक १५१ वर गेला की उघड्यावरच्या कामगारांना धुरापासून वाचवणे ही मालकाची जबाबदारी ठरते. काम आत हलवावे, वेळ बदलावी, तेवढ्याने भागत नसेल तर योग्य मुखपट्ट्या मालकाने पुरवाव्यात. आकडा ठरला की टाळाटाळीला जागा उरत नाही.

आमचे स्पष्ट मत आहे की आपल्याकडेही अशी आकड्याला बांधलेली जबाबदारी हवी. धूर-धुळीचा इशारा मिळताच तो कामगारांच्या भाषेत, पाळी सुरू होण्यापूर्वी, कंत्राटदारामार्फत प्रत्येक साइटवर पोहोचला पाहिजे. मुखपट्टी फुकट मिळाली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम थांबले तरी त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. हजेरी बुडणार असेल तर रोजंदारीवरचा माणूस कोणताही इशारा मानणार नाही, आणि त्याचा त्यात दोष नाही.

बांधकाम, रस्ते, रेल्वेमार्ग, सफाई आणि वन या क्षेत्रांतील आमच्या संघटनांनी पुढील मागणीपत्रकात हे कलम घालावे. कंत्राटी कामगारांनाही ते लागू झाले पाहिजे, यावर मात्र तडजोड नको.