यादीत बाळंतीण कुठे आहे?

माझी लेक सातव्या महिन्यात डोंबिवलीहून महाडजवळच्या सव गावी आली, ती मोबाइलमध्ये एक यादी घेऊनच. त्रेचाळीस वस्तू होत्या. चष्मा लावून मी ती दोनदा वाचली. बाबागाडी, वॉकर, बाटल्या निर्जंतुक करायचं विजेचं यंत्र, दूध कोमट ठेवायचं दुसरं यंत्र, आंघोळीचा टब, डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, बुटांचे सहा जोड. बेरीज साठ हजारांच्या वर गेली होती आणि त्रेचाळीस ओळींत बाळंतिणीसाठी एकही वस्तू नव्हती.

त्याच संध्याकाळी शेजारच्या काकू ओटीवर येऊन बसल्या. यादीचं ऐकून म्हणाल्या, "बाळ यायच्या आधी घरात काही आणू नये गं. आम्ही काय आणलं होतं? जुन्या लुगड्याचे लंगोट नि दोन दुपटी. वाढलीच ना सगळी? हिरकणीकडे तरी काय होतं?"

या दोन्ही बाजू प्रेमानं बोलतात, हे मला ठाऊक आहे. तरी दोन्ही चुकीच्या आहेत असं माझं ठाम म्हणणं आहे. सव्वीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं घेतली, कुडाच्या घरांतल्या बाळंतिणी पाहिल्या आणि स्लॅबच्या घरांतल्याही. त्या अनुभवावर बोलते.

आधी यादीची, म्हणजे दुकानाची बाजू. "बाळाला काही कमी पडू नये" हे तिचं एकच वाक्य, आणि त्यापुढे आईबाप हतबल होतात. पण पहिल्या सहा महिन्यांत बाळाला लागतं काय? आईचं दूध, ऊब, कोरडं कापड, पाठीवर निजायला सपाट जागा, डासांपासून आडोसा आणि कुणाचा तरी हात. सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग बाटल्यांचा अख्खा संसार कशाला मांडायचा? आपल्या देशात १९९२ पासून कायदा आहे: दुधाची बाटली आणि बाळाच्या दुधाची पावडर यांची जाहिरात करायची नाही, नमुने वाटायचे नाहीत. ज्या वस्तूच्या जाहिरातीला संसदेनं बंदी घातली, ती घराघरांत यादीच्या वरच्या ओळीत बसते. आईला दूध कमी असेल, बाळ अशक्त असेल, तर डॉक्टर सांगतील तसं वाटी-चमच्यानं पाजावं. वाटी उकळून स्वच्छ होते. बाटलीचं बूच आणि त्याच्या खाचा तशा होत नाहीत. आणि विजेचं यंत्र आमच्याकडे पावसाळ्यात चालणार कसं? आषाढात वीज गेली की कधी येईल त्याचा भरवसा नाही.

बाबागाडीचंही तेच. ती फूटपाथसाठी केलेली वस्तू आहे. आमच्या वाडीतून मुख्य रस्त्यावर यायचं तर चिखल, गोटे आणि शेणाचे पो. तिथून महाडला जायचं ते एसटीनं नाहीतर मिनीडोर रिक्षानं, जिथे माणसालाच मांडी मुडपून बसावं लागतं. त्या गाडीत बाबागाडी ठेवायची कुठे? जी वस्तू दुसऱ्या कुठल्या तरी रस्त्यांसाठी आणि दुसऱ्या कुठल्या तरी घरांसाठी बनली, ती चांगली असूनही आपल्यासाठी वाईट ठरते. खरेदीआधी आपलं घर पाहावं, उंबरे मोजावेत.

उंबऱ्यांवरून वॉकर. याबद्दल मात्र मी गप्प बसू शकत नाही. माझ्या भाच्याचा मुलगा नऊ महिन्यांचा होता. वॉकरमध्ये बसवून आई चुलीकडे वळली, डाळीला एक उकळी येईपर्यंत. पडवीला दोन पायऱ्या. चाकं गुळगुळीत फरशीवरून सुटली आणि पोर वॉकरसकट खाली अंगणात. कपाळावर पाच टाके पडले. पोर बरं झालं, पण ती आई वर्षभर स्वतःला दोष देत राहिली, आणि दोष तिचा नव्हता. कॅनडानं २००४ साली वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरातसुद्धा बंद केली. वॉकरमुळे मूल लवकर चालतं हा समजच खोटा आहे. मूल भिंत धरून, पडत-उठत चालायला शिकतं. आमच्या घरांना जोतं आहे, ओटी आहे, पायऱ्या आहेत, मागच्या दाराला उतार आहे. अशा घरात वॉकर आणू नका, भेट आला तर परत करा, आणि परत करता येत नसेल तर त्याची चाकं काढा.

मोहरीच्या उशीनं डोकं गोल होत नाही. कोवळ्या बाळाला उशीच नको, तोंडाशी मऊ काही नको. टबची गरज मला आजवर कळलेली नाही. आमच्याकडे न्हाऊ घालणारी बाई येते. पाटावर बसून पाय लांब करते, लुगडं मांडीपर्यंत खोचते, नडग्यांवर बाळाला पालथं घालते. दुसऱ्या बाजूला कुणीतरी तांब्या घेऊन उभं. पाणी बाळाच्या अंगावर घालण्याआधी ती ते कोपरावर ओतून बघते. तिच्या दोन पायांमधली ती खाच बाळाच्या मापाची असते, आणि बाळ घसरायला लागलं की तिला ते कातडीला कळतं. टबला कळत नाही. टबाचे पैसे त्या बाईला द्यावेत.

आता काकूंची बाजू. "वाढलीच ना सगळी?" हा प्रश्न विचारणाऱ्यांना एवढंच सांगते, की जी वाढली नाहीत ती साक्षीला येत नाहीत. माझ्या आजीला आठ मुलं झाली, पाच जगली. उरलेल्या तिघांची नावंसुद्धा घरात कुणाला सांगता येत नाहीत, कारण दोघांचं बारसंच झालं नव्हतं. बाळ येण्याआधी काही आणू नये, ही रूढी मला त्या दुःखातून आलेली दिसते. पाळणा रिकामा राहिला तर निदान शिवलेली झबली तरी आईच्या डोळ्यांसमोर नकोत. त्या काळच्या बायकांनी आपल्या मनाला घातलेला तो बांध होता आणि त्याची मी थट्टा करणार नाही. पण आज तीच रूढी पाळली तर ऐन वेळी घात होतो. २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं, तळिये गावावर दरड कोसळली, रस्ते तुटले, फोन लागेनात. पोलादपुरातल्या डोंगरातल्या वाडीवर त्या रात्री कुणाला कळा सुरू झाल्या असत्या तर? आठव्या महिन्यात पिशवी भरून खुंटीला टांगलेली हवी: धुऊन उन्हात वाळवलेली झबली-टोपडी, दुपटी, आईचे कपडे, पॅड, तपासणीचे कागद, बॅटरी. जवळचं आरोग्य केंद्र लांब असेल तर तारीख जवळ आल्यावर खाली महाडलाच येऊन राहावं.

जुनं ते सगळं सोनं नाही. दार-खिडक्या बंद करून निखाऱ्यांची शेगडी पेटवायची, बाळाच्या नाका-कानात तेल सोडायचं, जिभेवर मध लावायचा, डोळ्यांत काजळ भरायचं, याला मी अंगणवाडीतही विरोध केला आणि घरातही करते. बंद खोलीत निखाऱ्याच्या विषारी वायूनं जीव जाऊ शकतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध विषासारखा ठरू शकतो. गुटी उगाळायची सहाण तेवढी देवघरापाशी असू दे. पण बाळाच्या तोंडात पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय जाईल ते डॉक्टरांनी दिलेलंच असावं.

आणि हिरकणी. रायगड आमच्याच तालुक्यात, तिची गोष्ट आम्ही दूध पितानाच ऐकतो. गडाचे दरवाजे मिटले, घरी बाळ भुकेलं, म्हणून ती कडा उतरली. त्या गोष्टीतून "आईला काही लागत नाही" असा अर्थ काढणं हा त्या बाईवर अन्याय आहे. तिला काही नको होतं म्हणून ती उतरली नाही, तिच्यासाठी दरवाजा उघडला गेला नाही म्हणून उतरली. एसटी स्टँडवरच्या स्तनपानाच्या खोलीला आज हिरकणी कक्ष म्हणतात, ते मला पटतं. तिच्या नावानं दार उघडलं पाहिजे.

मग घ्यायचं काय? मराठीत बाळाच्या खरेदीला फार जुना शब्द आहे: बाळंतविडा. बाळाची झबली-टोपडी त्यात असतात, पण शब्दात आधी बाळंतीण आहे. विड्यात तिचं लुगडं असे, डिंक असे, खारीक-खोबरं, सुंठ, अळीव असे. आपण बाळाचे कपडे ठेवले आणि तिला विड्यातून काढून टाकलं. माझं म्हणणं इतकंच, की कोणतीही वस्तू घेण्याआधी एक प्रश्न विचारा: यानं बाळंतिणीचं कोणतं काम कमी होतं, किंवा बाळावरचा कोणता धोका टळतो? दोन्हींपैकी एकही नसेल तर पैसे खिशात ठेवा.

या कसोटीवर काही वस्तू निर्विवाद उतरतात. मच्छरदाणी पहिली. छत्रीसारखी मिटणारी, काही शे रुपयांची. आमच्या भागात डासांइतकंच विंचवाचं भय असतं. १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं माणसं, विशेषतः पोरं दगावत. रक्तदाबासाठीचं प्राझोसिन हे औषध त्यावर चालतं हे त्यांनी इथल्या रुग्णांवर दाखवून दिलं आणि मरणारे कितीतरी वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आलं तरी विंचू गेलेला नाही. म्हणून मच्छरदाणीची कड गादीखाली नीट दुमडावी, आणि खुंटीवरचं दुपटं, लंगोट, झबलं बाळाला घालण्याआधी झटकावं. तुळईला टांगलेला लाकडी पाळणा चांगलाच, तळ सपाट हवा. साडीच्या झोळीत बाळ वाकून हनुवटी छातीला टेकते, तेव्हा झोळी नजरेसमोर असेल तेवढा वेळच.

कपडे जुन्या मलमलचे, धोतराचे, आईच्या वापरून मऊ झालेल्या सुती साडीचे. मी स्वतः शिवले. झबल्याला बटण नाही, बंद. शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे दोरा कातडीला घासत नाही. लंगोट चाळीस केले, कारण श्रावणात चार दिवस कपडा वाळत नाही. आमच्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो, आणि दमट लंगोटानं बाळाच्या मांड्या सोलवटतात. म्हणून पावसाळ्यातल्या रात्रींपुरते डायपर वापरा असं मीच लेकीला सांगितलं. रात्री चारदा उठून ओलं बदलण्यापेक्षा ती दोन तास सलग झोपली तर तो खर्च सार्थकी लागला. पण वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्यायचा आहे, कचऱ्याच्या नियमांत तसं लिहिलेलं आहे. सावित्रीच्या काठाला करवंदीच्या जाळीत अडकलेले डायपर पाहिले की मला लाज वाटते. ती नदी आपल्याच घरासमोरून वाहते.

एक थर्मामीटर घ्यावा. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिला दारातून चहा देऊन पाठवू नये, बाळ उघडून दाखवावं. बाळ अडीच किलोच्या आतलं असेल तर महाग पाळणागाडीपेक्षा आईच्या उघड्या छातीशी मऊ कापडानं बांधून ठेवणं उत्तम. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास डॉक्टरांनी हे सुरू केलं आणि आज जगभर करतात.

उरलेला पैसा बाळंतिणीवर. पुढून उघडणारे चार गाऊन, पाजताना पाठीला टेकायला घट्ट उशी, नाचणी, अळीव, अंडी, मासे. तीन महिने धुणं-भांडी करायला बाई आणि तिला पूर्ण पगार. आणि ऊन पाणी. आमच्या सवला जमिनीतून गरम पाणी येतं, लोक लांबून अंग शेकायला येतात. पण ओल्या बाळंतिणीला कुंडावर नेत नाहीत. तिचं पाणी घरातच तापवावं लागतं, आणि तेही दुसऱ्या कुणीतरी. म्हणून आम्ही बंब दुरुस्त करून घेतला. जी नोकरीवर परत जाणार आहे तिला दूध काढायचा पंपही लागेल, आणि तो चैनीचा नाही. २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची रजा कायद्यात आहे, पण ती संपल्यावर बाळाचं दूध संपत नाही.

सरकारनंही विडा दिला आहे. महाराष्ट्रात २०१९ मध्ये सरकारी दवाखान्यात पहिलं बाळंतपण होणाऱ्या मातांसाठी दोन हजार रुपयांच्या आतलं बेबी केअर किट आलं. फिनलंडमध्ये बाळाच्या कपड्यांची पेटी १९३८ पासून देतात, आधी गरिबांना, १९४९ पासून सर्वांना, पण अट अशी की गरोदरपणात वेळेवर तपासणीला यायचं. ती अट मला पेटीहून मोलाची वाटते, कारण तीच आईला डॉक्टरपर्यंत आणते.

एक महाग वस्तू मात्र मी स्वतः हट्टानं घ्यायला लावली: गाडीतली बाळाची सीट. "आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही" हे घरात तिघांनी ऐकवलं. घरात ते खरं, हायवेवर नाही. पन्नासच्या वेगात गाडी आदळली तर चार किलोचं बाळ हातांना क्विंटलभर भासतं, आणि कुणाच्याही हातात ते राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. पण मी दंडासाठी बोलत नाही. गणपतीत मुंबईहून येणाऱ्या गाड्यांत पुढच्या सीटवर मांडीवर तान्हं पोर बघितलं की काळजाचा ठोका चुकतो. सीट मागच्या बाजूला, बाळाचं तोंड मागे, पुढे एअरबॅगसमोर कधीच नाही. चुलत-मावस घरांत मिळून एक घ्यावी, आळीपाळीनं वापरावी. फक्त अपघातातली जुनी घेऊ नये. बारशाला प्रत्येकानं तीन महिन्यांच्या मापाचा फ्रॉक आणण्यापेक्षा हे करावं.

दसऱ्यानंतर लेक डोंबिवलीला निघाली, सोबतीला मी. जावई गाडी चालवत होता. दासगाव सोडलं तशी नातीनं रडायला सुरुवात केली, लोणेऱ्यापर्यंत थांबेना. "घे गं मांडीवर," असं माझ्याच तोंडून निसटलं. लेकीनं मला उत्तर दिलं नाही. गाडी कडेला घ्यायला लावली, बाळाला काढून पाजलं, ढेकर निघेपर्यंत खांद्यावर थोपटलं आणि पुन्हा सीटमध्ये ठेवून पट्टे लावले. माणगावच्या पुढे मी मागे वळून पाहिलं. नात झोपली होती. तिच्या पायावर हात ठेवून लेकही झोपली होती.