इंजिनाला मान, मजुराला हद्दपारी

श्रीलंकेच्या रेल्वेकडे कॅनडाने कोलंबो योजनेखाली मदत म्हणून दिलेली डिझेल इंजिने आहेत. १९५४ पासून ती येऊ लागली. अल्बर्टा, ओन्टारियो अशी कॅनडातील प्रांतांची नावे त्यांच्या अंगावर आजही आहेत. त्यांतलेच ५९१ क्रमांकाचे ‘मॅनिटोबा’ २६ डिसेंबर २००४ रोजी कोलंबोहून माताराकडे गाडी घेऊन निघाले होते. पेरालिया गावापाशी त्सुनामीच्या लाटेने ती गाडी उचलून फेकली. पहिली लाट ओसरल्यावर गावकरीही आसऱ्यासाठी डब्यांत चढले होते. हजाराहून अधिक माणसे मेली. जगातील रेल्वेच्या इतिहासात एवढी मोठी प्राणहानी क्वचितच झाली असेल. इंजिन मात्र दुरुस्त होऊन पुन्हा रुळावर आले. स्मृतिदिनी तेच इंजिन त्या गावी नेण्याची प्रथाही पडली. परदेशातून आलेले एक यंत्र त्या देशाने असे आपले मानले. याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

परंतु याच रुळांवरून आलेल्या माणसांचे काय झाले?

ही रेल्वे इंग्रजांनी बांधली ती रयतेच्या सोयीसाठी नव्हे, तर डोंगरातील कॉफी बंदरावर आणण्यासाठी. १८६४ साली पहिली गाडी कोलंबोहून आंबेपुस्सापर्यंत धावली, १८६७ मध्ये कँडी गाठले. कॉफी रोगाने बुडाली, चहा आला, रूळ आणखी वर चढत गेले. मळ्यांवर राबायला तमिळ मुलखातून जी माणसे नेली त्यांत फार मोठा भाग पल्लर, परैयर, चक्किलियर या अस्पृश्य जातींचा होता. त्यांच्या गळ्यात मळ्याचा क्रमांक ठोकलेला पत्र्याचा बिल्ला असे. तो बिल्ला हेच तिकीट! भाडे मळेवाल्याच्या खात्यावर पडे. माल पाठवताना पेटीवर खूण करतात, तशीच ही खूण. गावची जात सोडून निघालेल्या माणसाला मुकादम, म्हणजे कंगाणी, पुन्हा त्याच उतरंडीत बसवीत असे.

देश १९४८ साली स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्व कायदा करून मळ्यावरील सुमारे सात लाख लोकांना परके ठरविण्यात आले. पाठोपाठ मताचा हक्कही गेला. दोन-दोन पिढ्या तिथेच जन्मल्या होत्या. पण कागद कुठे होते? ‘मॅनिटोबा’च्या जातीची इंजिने आली तेव्हा मळ्यावरचा मजूर कोणत्याच देशाचा नव्हता. १९६४ साली शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांनी करार करून सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यावीत, तीन लाख लंकेने, असा हिशेब केला. दीड लाखांचा निकाल पुढे ढकलला. ज्यांची वाटणी झाली त्यांना कोणी विचारले नाही, आणि यात दिल्लीचा दोष कोलंबोपेक्षा कमी नाही.

मग आगगाडी उलट दिशेने भरू लागली. डोंगरातील स्थानकांवरून तलैमन्नारच्या धक्क्यापर्यंत रेल्वेने, तिथून बोटीने रामेश्वरम. फलाटावर एका बाजूला जाणारे, दुसऱ्या बाजूला राहणारे, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच घरचे.

लंका हा बौद्धांचा देश म्हणून आपल्या वाचकांना त्याची ओढ आहे. बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी तिथे गेले, तेव्हा तिथल्या अस्पृश्यांशीही ते बोलले. नागरिकत्व हिरावून घेतल्याला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. बुद्धाचे नाव घेणाऱ्या राज्याने सर्वांत तळच्या कष्टकऱ्याला दाराबाहेर काढले, हे आपण बौद्धांनीच आधी बोलले पाहिजे. अनुराधपूरची यात्रा करून येणाऱ्यांना हॅटनच्या लयनीत कोण राहते, हे विचारावेसे का वाटत नाही? उरलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा २००३ मध्ये झाला. मधे पंचावन्न वर्षे गेली.

युद्धात बंद पडलेला तलैमन्नारचा मार्ग भारताच्या कर्जातून पुन्हा बांधून २०१५ साली सुरू झाला.